पाठकोरं

सायबर चौकातून विद्यापीठाकडं वळलं की
तिसरं दुकान माझं.
झेरॉक्स, टायपिंग, स्पायरल, हॉल तिकीट काढून मिळेल.
पाटीवर एवढंच. बाकीचं तोंडी.

मार्च आला की एकच मशीन
दोन्ही कामं करतं:
सकाळी प्रोजेक्टांना काळी पाठ,
संध्याकाळी त्याच पोरांच्या नोट्स
आगपेटीएवढ्या करून द्यायच्या.
काच दोन्हीला सारखीच गरम होते.

वर डिपार्टमेंटात वर्षभर वाद चाललाय म्हणे.
मगदूम सर म्हणतात, पेपरच खरा:
तीन तास, एक बाक, तिथं कुणाचा चुलता उपयोगी पडत नाही.
सरनोबत मॅडम म्हणतात, तीन तासांत माणूस कळतो होय?
प्रोजेक्ट द्या, चार महिने द्या.
दोघंही चहाला शेजारच्या टपरीवर येतात.
दोघंही बरोबर बोलतात.
मी कटर चालवत ऐकतो.

इंद्रजित लोहार शिरोलीत फाउंड्रीला रात्रपाळी करतो.
सेमिनारला येतो तो झोपेतच.
इंटर्नलला वीसपैकी सहा.
पेपरला मात्र पुरवण्या बांधायला दोरा अपुरा पडतो.
त्याला विचाराल तर तो मगदूम सरांचा.

तमन्ना मुल्लाणी हुपरीची.
आईबरोबर पैंजणाच्या कड्यांना झाळ देते.
बोटांची टोकं भाजून टणक झालेली,
तासाभरात पेन निसटतं.
पुरवणी तिनं आजवर मागितलेली नाही.
लेखनिक मागायचा तर दाखला लागतो,
आणि दाखल्याच्या खिडकीत
असल्या बोटांची टक्केवारी बसत नाही.

पण प्रोजेक्ट तिनं हातानं लिहून आणला टायपिंगला.
साठ पानं. रोज आठ-दहा ओळी,
अशा चार महिने.
घरबसल्या बायकांना ग्रॅमवर मजुरी कशी मिळते,
कुणाच्या काट्यावर किती घट धरतात.
टाइप करताना माझ्या हातून एका पानावर चहा सांडला.
म्हणाली, राहू दे काका, वाचता येतंय.

मग बुलेटवरून एक पोरगं आलं.
नाव सांगत नाही. बाप ओळखीचा आहे.
उद्या सबमिशन हाय काका, कायतरी करा.
पेनड्राइव्ह लावला, नाव बदललं.
गाव तेच ठेवलं,
हुपरी त्यानं बघितलीसुद्धा नसेल.
तीनशे रुपये.
तीन तासांचा पेपर असता
तर मला हे विकता आलं नसतं,
एवढं मगदूम सरांना सांगायचं राहून गेलं.

काल मॅडम दोन्ही फायली घेऊन दुकानात.
दोन्हीला माझीच काळी पाठ.
"खरं कुणाचं ते सांगा. नाहीतर दोघांना शून्य,
आणि पुढच्या वर्षी परत शंभराचा पेपर."
तमन्ना बाहेर पायरीवर उभी. बोलली नाही.
म्हटलं, बघतो मॅडम, रेकॉर्ड बघायला लागेल.

रेकॉर्ड कसलं?
खालच्या खणात तिच्या हातचा गठ्ठा.
पाठकोरे कागद टाकवत नाहीत मला,
हिशेबाला येतात.
रात्री पानं लावली. सगळी आहेत.
एक्केचाळिसावर चहाचा डाग,
काट्यावरच्या घटीचा तक्ता, तिचं बारीक अक्षर.
उलटलं.
माझं अक्षर: प्रोजेक्ट, पेनड्राइव्ह, ३००, जमा.

एकोणसाठ पानं देऊन भागेल का
असा विचार केला. खोटं कशाला सांगू, केला.
पण त्या तक्त्यावरच सगळं उभं आहे.
मशीनचं झाकण उचललं:
पुढची बाजू तेवढी काढली की झालं,
आयुष्यभर हेच तर करत आलोय.
काच गरम व्हायला मिनिटभर लागतं.
तेवढा वेळ उभा राहिलो,
मग बटण बंद केलं.

सकाळी शटर अर्धंच उघडलं.
गठ्ठा काखेत मारून चढाला लागलो.
गेटवर वॉचमन म्हणाला,
काय काका, आज पेपर हाय काय तुमचा?
म्हटलं, न्हाई रे.
सबमिशन.